वर्षभर हात न लागलेलं

ऋषिराजसाहेबांचा राग यायला विजयमालाबाईंना पहिला दिवसही पुरा लागला नाही. साखर कारखान्याच्या पिंपळओढा गट ऑफिसात बाई सव्वीस वर्षं कारकून. इंदापूर तालुक्यातल्या त्या दोन खोल्यांत कुणाचा ऊस कधी लागला आणि कधी तुटणार, यातलं बाईंना विचारल्याशिवाय पान हलत नसे. आणि हा एकोणतीस वर्षांचा नवा शेतकी अधिकारी बारामतीहून मोटारसायकलवर आला, दारातच नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "मॅडम, बसता कशा इथं?"

बाईंनी पंख्याचं बटण दाबलं. पंख्यावरची धूळ साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर पडली, तेव्हा बाईंना जरा बरं वाटलं.

आता खरं बोलायचं तर ऑफिसचा उकिरडा झालाच होता. पाहुण्यांच्या खुर्चीवर पाच सालांची कॅलेंडरं बसलेली, आणि बाईंच्या खणात लग्नपत्रिका, रबरं, ज्यांची कुलपं कधीच गेली अशा किल्ल्या. पण घाण असली तरी ती बाईंची होती. दुसऱ्यानं तिला नाव ठेवलेलं त्यांना कसं खपावं?

साहेबांनी मोबाइलवर कसला तरी व्हिडिओ पाहिला होता. वेळ नसणाऱ्या माणसानं आवराआवर कशी करावी, तर रोज दहाच मिनिटं. चार वाजता साहेब मोबाइलवर गजर लावत आणि सगळ्यांना उठवत. एक दिवस एक खण, दुसऱ्या दिवशी खिडकीचा कट्टा, तिसऱ्या दिवशी फक्त पेन. सतरा पेन निघाले, त्यातले दोन चालले. गजर वाजला की हातातलं काम तिथंच सोडायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की ज्याला वर्षभर हात लागला नाही ते बाहेर.

"वर्षभर बायकोला माहेरी धाडली, तर तिलाबी बाहेर काढतील," बाई शिपाई रावजीला म्हणाल्या. रावजी हसला नाही. त्याला पहिल्यांदाच झाडायला फरशी सापडली होती, तो साहेबांच्या बाजूला गेला होता. बाईंना तेही लागलं.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी कपाटाच्या माथ्याची पाळी आली. वर लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा होता. तो कसला, हे बाईंना डोळे मिटून सांगता आलं असतं. आडसाली उसाच्या लागण नोंदीच्या स्लिपा. हा ऊस जुलै-ऑगस्टात लावायचा आणि सोळा-अठरा महिन्यांनी तोडायचा. मधलं वर्षभर त्या स्लिपांना हात लावायचं कुणाला कारणच नसतं. पण हंगाम सुरू झाला, की तोडणीचा नंबर त्यांच्यावरच ठरतो. कॉम्प्युटरवर आधीच्या साहेबांनी घाईत सगळ्यांची एकच तारीख टाकली होती, एकतीस ऑगस्ट. खऱ्या तारखा फक्त त्या फडक्यात होत्या.

बाईंनी गठ्ठा हातात घेतला. "साहेब, हा पण टाकायचा?"

"कधीचा आहे?"

"मागच्या जुलै-ऑगस्टचा."

साहेबांची नजर मोबाइलवर होती, दोन मिनिटं उरली होती. "वर्ष होऊन गेलं ना? टाका."

एक शब्द बोलायचा होता, आडसाली. साहेब शेतकीच शिकलेले, तो ऐकला असता तर ते जागच्या जागी थांबले असते. बाईंनी तो गिळला. "रावजी, ऐकलंस ना? साहेब टाका म्हणाले," एवढं मात्र खणखणीत बोलल्या आणि गठ्ठा रद्दीवाल्याच्या टेम्पोत आपल्या हातानं ठेवला. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी भेळ घेतली.

चार दिवसांनी भाकरी थापताना त्यांचा हात थांबला. कौसल्याआत्या! बाईंचं माहेर सांगवीचं, आणि आत्या त्यांच्या भावकीतली, इकडं पिंपळओढ्याला दिलेली. नवरा गेला, पोरबाळ नाही, दीड एकर आडसाली ऊस. प्रत्येक स्लिपेचा एक भाग शेतकऱ्याकडं असतो. आत्याला बाईंनीच सांगितलं होतं, "तू कागद हरवशील, दोन्ही माझ्यापाशी राहू दे." ते दोन्ही त्याच गठ्ठ्यात होते. रद्दीवाल्याचं गोदाम भिगवण रोडला, गठ्ठा अजून तिथं असेल. पण तो परत आणायचा म्हणजे साहेबांना सांगायला हवं, आणि सांगितलं तर साहेब तोंडघशी कसे पडणार? बघू, म्हणून बाईंनी भाकरी तव्यावर टाकली.

नोव्हेंबरात साहेबांनी आडसालीच्या स्लिपा मागितल्या.

"त्या तुमी टाकायला लावल्या की," बाई म्हणाल्या, "रावजी हाय साक्षीला."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी रद्दीवाल्याला फोन लावला, पण गठ्ठा कधीच पुढं गेला होता. बाईंनी त्या दिवशी दोनदा चहा मागवला. पण त्यांचं सुख तीन दिवस टिकलं. साहेबांनी शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं, की चूक माझी आहे, आपापला भाग घेऊन या. लोक शिव्या देत आले, पण आले. कुणी कागद आणला, कुणी मोबाइलवरचा फोटो दाखवला. साहेबांनी एकेक तारीख कॉम्प्युटरवर दुरुस्त केली, आणि वर्षभर रखडलेलं काम झालं म्हणून मुख्य ऑफिसानं उलट त्यांना शाबासकी दिली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी कौसल्याआत्या आली. ऊस आडवा पडला होता, उंदीर लागले होते.

"तुमचा कागद?" साहेबांनी विचारलं.

"विजापाशी हाय की. दोनीबी."

साहेबांनी मान वर केली. कागद नाही म्हणजे एकतीस ऑगस्ट, म्हणजे तोडणी फेब्रुवारीत. तोवर त्या उसाचं चिपाड झालं असतं.

"पाच जुलैची लागण आहे," बाई घाईनं म्हणाल्या. "मीच लिहिलीय."

"इतरांनी पुरावा दिला मॅडम, मी नुसत्या तोंडी सांगण्यावर कसं घेऊ? यांचे दोन्ही भाग कुठं आहेत?"

"त्या गठ्ठ्यात."

"म्हणजे गठ्ठ्यात काय आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

 ऑफिस इतकं मोकळं झालं होतं, की बाईंना बघायला दुसरीकडं काही उरलं नव्हतं.

"तिला कुठनं ठाव असंल, सायेब?" आत्याच मधे बोलली. "ठाव असतं तर तिनं टाकला असता व्हय? माझ्या माहेरची पोर हाय ती."

नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. आत्यानं वाट करूनच दिली होती. पण गठ्ठ्यात काय होतं हेच ठाऊक नाही म्हटलं, तर पाच जुलैलाही आधार राहत नव्हता.

"ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "आडसालीचा गठ्ठा आहे हे टाकतानाच ठाऊक होतं. आत्याचे कागद त्यात आहेत हे चार दिवसांनी आठवलं, तरी बोलले नाही. पाच जुलैसकट सगळं लेखी देते."

त्यांनी लिहून दिलं. साहेबांनी वाचलं. मग त्यांनी पाच जुलै भरली आणि म्हणाले, "तुमचा ऊस पंधरा दिवसांत तुटेल, आजी."

आत्या उठली. दारापर्यंत गेली आणि परत फिरून बाईंच्या टेबलापुढं उभी राहिली.

"सायबावर राग हुता, तर सायबाचं काय तरी टाकायचंस," ती म्हणाली. "माझं कशापायी टाकलंस, विजा?"

उत्तरासाठी आत्या थांबली नाही.