चुन्याच्या गच्च्या आणि कुरडयांचे वार

कापसातून बियाण्याचाही खर्च निघेना, तेव्हा बाबांनी मूर्तिजापूरकडची कोरडवाहू शेती पडीक टाकली आणि बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर हमाली धरली. आई लोकांचे गहू निवडायची. त्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि हे मी ताठ मानेनं सांगतो. नोकरी मात्र कंत्राटी मिळाली, अमरावती शहराचा धूर कमी करण्याच्या योजनेत. गच्चीला चुना लावायचा. घर थंड राहतं, कूलर कमी चालतो, वीज वाचते, तितका कोळसा जळायचा राहतो. कागदावर सगळं सोपं. प्रत्यक्षात बायांनी मला जिन्यावरूनच परत पाठवलं.

साहेब म्हणाले, "अकोल्यात जमलं म्हणतात. पाहून या. आठ दिवसांत एक गल्ली पांढरी दिसली नाही, तर योजना बंद आणि तुम्हीही घरी."

वैशाखातली पॅसेंजर. मूर्तिजापूरला ती पाऊण तास उभी राहिली, का ते गार्डलाही ठाऊक नव्हतं. अकोल्यात उतरलो तर भर दुपारी बारा वाजता रस्त्यावरचे दिवे चालू! पानवाल्याला विचारलं.

"रातच्याले लाईन (वीज) नसते ना भाऊ, म्हून दिवसाच पाहून घ्या."

मी कपाळावर हात मारला.

गच्च्यांना चुना लावणारे कारागीर रहीमभाई मला त्यांच्या गल्लीत घेऊन गेले. वरून पाहिलं तर सगळ्या गच्च्या पांढऱ्याफेक, मधली एक तेवढी काळी. तिच्यावर लुगडी अंथरून कुरडया, पापड, शेवया वाळत होत्या. त्या घरच्या कुसुमकाकू काठीनं कावळे हाकलत होत्या.

"काकू, तुमच्या गच्चीला चुना कावून (का) नाही?"

"तुमचा चुना वैशाखात, आमच्या कुरडया बी वैशाखात. चुना लागलेली कुरडई कोन खाईन, तुमचा साहेब?"

रहीमभाई हसले. "पहिल्या साली मलेही असंच हाकललं भाऊ. मंग बायांनीच ठरवलं, साऱ्या गल्लीचं वाळवण काकूच्या गच्चीवर. बाकी गच्च्या माह्या."

"अन् पहिल्याच दिवशी भांडण!" काकू म्हणाल्या. "याच्या बायकोच्या शेवयांवर माह्या सुनेनं मिरच्या पसरल्या. मंग वार वाटून घेतले."

मला आमच्या योजनेचाच राग आला. तीन पानी सूचनांमध्ये चुन्यात पाणी किती, हे होतं. कुरडई नव्हती. माझी आई दर उन्हाळ्यात कुरडया घालते, तरी मला सुचलं नाही, याचा राग त्याहून जास्त.

अमरावतीला परतून कागद न दाखवता बायांना म्हटलं, "एक गच्ची वाळवणाची ठेवा, वार वाटून घ्या." मंगळवार कोणाचा, यावर दोन दिवस गेले. एका मावशीनं सुनावलं, "लाईनच नसते दिवसभर, अन् तू कायची वाचवून राहिला रे?"

"घर तर थंड होईल, मावशी."

"हे पयले सांगाचं ना मंग!"

आठव्या दिवशी बारापैकी अकरा गच्च्या पांढऱ्या झाल्या, बारावीवर कुरडया होत्या. अकरांपैकी सहा घरांनी त्या उन्हाळ्यात वीज असतानाही दुपारचा कूलर लावला नाही. योजना चालू राहिली, आणि माझी नोकरीही.