पंखाला लावलेला बोर्डो

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्टसाठी थर्माकोलचं विमान केलं होतं. वळण्यासाठी विमानाच्या पंखांना आणि शेपटीला हलत्या पट्ट्या असतात. माझ्या विमानाला एकही नव्हती. पंखांच्या मागच्या कडेला बारीक फटी होत्या. डाव्या पंखाच्या फटींतून हवा सोडली की तो उचलला जाई आणि विमान उजवीकडे वळे. निदान कागदावर तरी वळे. मी पट्टी कुठंतरी लपवली आहे, असा सरांना दाट संशय. उडवून दाखव, नाहीतर वर्ष गेलं समज, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून मोकळं रान बघून विमान सौसरला घरी आणलं.

बाबा संत्र्याचे माणूस. झाडाला चीर दिसली की मोरचूद-चुन्याचा निळा बोर्डो कालवून लगेच लिंपणार. शिंकणाऱ्या पाहुण्यालाही लावतील, अशी आईला धास्ती असते. दुपारी मी झोपून उठले तर विमानाचा डावा पंख निळा, आणि चष्मा लावून बाबा उजव्याकडे वळलेले.

"बाबा, काय करून राहिले तुमी?"

"पंखाले चिरा पडल्या होत्या बाई. बसमंधी दबला असन. बुजवून टाकल्या."

मी रडले, ओरडले, नको ते बोलले. बाबांनी जंभेरी लिंबाचा लांब काटा तोडून आणला आणि एकेक फट कोरत बसले. पण लेप कडक उन्हात टणक झाला होता, बऱ्याच फटी उघडल्याच नाहीत.

संध्याकाळी बागेमागच्या पडीक रानात विमान उडवलं. आईने फोन धरला होता, त्यातून सर बघत होते. रिमोटवरून डावीकडे म्हटलं की विमान झोकात वळे. उजवीकडे म्हटलं की रुसल्यासारखं सरळच जाई. शेवटी संत्र्याच्या झाडात जाऊन बसलं.

"उजवीकडे का वळत नाही?" सरांनी विचारलं.

रडवेल्या आवाजात मी बोर्डोची सगळी हकीकत सांगितली. सर खो खो हसले. "पट्टी लपवली असतीस तर फटी बुजल्याने काय अडलं असतं? म्हणजे हवेनेच वळतंय. पास."

"मंग?" बाबा लगेच ताठ झाले. "म्या लेप लावला म्हून पास झाली."

आता पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत तेच सांगत फिरतात. मी अजूनही असलीच विमानं करते. सुट्टीत नवा पंख घरी नेला की बाबा दोन्ही हात पाठीमागे धरून, वाकून बघतात.

"ही चीर ठेवाची हाय," ते विचारतात, "का बुजवाची?"