बाथ गावात तेल लावून

जानेवारीत मावशी दारातल्या बर्फावरून घसरून पडली. बर्फ वितळावा म्हणून पायऱ्यांवर मीठ टाकायचं काम माझं होतं आणि त्या दिवशी ते राहून गेलं. मोडलेलं हाड जुळलं, पण ओल्या फरशीची भीती बसली. तेव्हापासून ती स्टुलावर बसून तांब्याने अंघोळ करायची आणि मी दाराबाहेर उभा राहायचो. डिप्लोमा अर्धवट सोडून आलेल्या मला अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या घरात तिनेच जागा दिली. एप्रिलमध्ये ती म्हणाली, "इथे गरम पाण्याची कुंडं नाहीत का रे?" आणि मी नकाशा उघडला.

वेस्ट व्हर्जिनियातलं बर्कली स्प्रिंग्ज. रूट सातने विंचेस्टर, तिथून ५२२ ने उत्तरेकडे. दोन तास धरा. तिथल्या स्नानगृहातल्या हौदाची वेळ फोनवर आधीच ठरवा. मी तीनदा खात्री केली. या गावाचं कागदोपत्री नाव बाथ. इंग्लंडमधल्या बाथवरून ठेवलेलं, जिथे रोमनांनी गरम झऱ्यावर स्नानगृहं आणि देवीचं देऊळ बांधलं. इथला झरा मात्र कोमट आहे. पाणी तापवून हौदात सोडतात. वाचलेलं सगळं मी निघायच्या आदल्या रात्री तिला सांगत होतो: रोमन लोक अंगाला तेल चोळत, वाकड्या पट्टीने ते खरवडत आणि मग पाण्यात उतरत.

"म्हणजे दिवाळीच की!" मावशी म्हणाली.

स्नानगृहाच्या दाराशी तिथे काम करणाऱ्या बाईंनी तिचे चकाकणारे हात पाहिले. "हनी, हे तेल आहे?"

"सेसमी ऑइल. घरूनच लावून आलेय," मावशीने ऐटीत सांगितलं.

तेल लावून हौदात उतरता येत नाही. आधी साबण लावून शॉवर. म्हणजे उभं राहणं, ओली फरशी आणि तेलकट पाय. मावशी मागे सरली. "राहू दे. तू जा, मी बाहेर बसते."

मी गाडीकडे पळालो. स्टूल, तांब्या, रबरी चटई, सगळं डिकीत होतं. माझ्या सामानाच्या याद्यांची घरात चेष्टा होते, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. बाईंनी चटई स्वतः अंथरली. "सावकाश होऊ दे. त्या पाण्यात उतरल्या की मगच मी वेळ मोजेन." मावशी स्टुलावर बसून तेल धुवेपर्यंत त्या आत तिच्याजवळ थांबल्या.

मग मला बोलावलं. टाइलचा खोल हौद, उतरत्या पायऱ्या, कडेला कठडा. टी-शर्ट घातलेली मावशी पहिल्या पायरीवर उभी होती.

"हात धरू?"

"नको. दोघंही पडू."

एक पायरी. बराच वेळ काहीच नाही. मग दुसरी, तिसरी. पाणी खांद्यापर्यंत आल्यावर तिने डोळे मिटले.

"त्या दिवशी मीठ माझ्यामुळे..."

"किती वेळा तेच! पाण्यात ये आता."

बाहेर बागेतल्या बाकावर घरून आणलेले धपाटे खाल्ले. झऱ्याच्या नळावर कोणीही पाणी भरू शकतं. रिकाम्या बाटल्या न्या. त्या बाईंना आम्ही डब्यातले दोन धपाटे दिले. इंग्लंडमधलं बाथ कधी बघेन माहीत नाही. मला हे पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल बाथरूमच्या बाहेर होतं आणि आतून शॉवरचा आवाज येत होता. मी सवयीने उभा राहिलो.

"अजून तिथेच आहेस ना? जा कामाला!"

गेलो. जाताना दारातल्या पायऱ्या मात्र नीट पाहून घेतल्या. एप्रिलात बर्फ कुठला, तरीही.