जिनच्या फाटकाजवळचा फळा

हिलाल मिस्तरीला फुटबॉल खेळता येत नव्हता. सोळाव्या वर्षी कापसाच्या जिनमधला लोखंडी रोलर त्याच्या डाव्या पायावर पडला आणि तीन बोटं गेली. पण नंदुरबारच्या संघाचा एकही सामना त्याने चुकवला नव्हता. पावसाळ्यात कापसाची आवक नसायची, जिन बंद असायचा, मिस्तरी लोक यंत्रं उघडून साफसफाई करत बसायचे. त्याच दिवसांत सामने रंगायचे. चार वाजले की हिलाल हात घासलेटने धुऊन मैदानाकडे निघायचा, थोडा लंगडत, पण भरभर.

एकोणीसशे सदतीस साली संघ नवापूरच्या ढालीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. दीडशे माणसं आपल्या खर्चाने रेल्वेने नवापूरला गेली. संघ चार गोलांनी हरला. तेही लोकांनी गिळलं असतं, पण तिसरा गोल झाला तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. गोलकीपर मदनलाल चिखलात उडी टाकायच्या ऐवजी दोन पावलं मागे सरकला. त्याचे बूट नवे होते. चेंडू त्याच्या पुढ्यातून संथपणे आत गेला.

मदनलाल हा इंदरचंद शेठचा भाचा. इंदरचंद शेठ क्लबचे अध्यक्ष आणि हिलाल ज्या जिनमध्ये कामाला होता त्या जिनचे मालकही. संघ निवडायची कमिटी त्यांच्याच पेढीवर बसायची. सेंटर फॉरवर्ड एका व्यापाऱ्याचा मुलगा, दोन हाफ कमिटीवाल्यांचे जावई. आणि त्याच जिनमध्ये कापसाच्या गाठी वाहणारा तळोद्याकडचा भिल्ल गडी दिवाल्या, जो अनवाणी पायांनी पळाला तर बूटवाल्यांना पाठीमागून फक्त त्याची धूळ दिसायची, तो मैदानाच्या कडेला उकिडवा बसून सामना बघायचा.

मंगळवारी 'तापीतीर' हे साप्ताहिक आलं. हिलाल सातवीपर्यंत शिकलेला, म्हणून चहाच्या दुकानात वाचायचं काम त्याच्याकडे असायचं. त्याने वाचायला सुरुवात केली. "आपल्या संघाने पराक्रमाची शर्थ केली. गोलरक्षक श्रीयुत मदनलाल यांचे कौशल्य पाहून प्रेक्षक थक्क झाले. केवळ पंचांच्या पक्षपातामुळे निसटता पराभव पत्करावा लागला."

 मग जिनच्या यंत्रांना तेल घालणारा भटू, हिलालचा लहानपणापासूनचा मित्र, म्हणाला, "चार गोल निसटता? मंग धडधडीत म्हनजे किती?"

कोणी हसलं नाही. सगळे चिडलेले होते. दोन वर्षं हेच चाललं होतं. संघ हरायचा, पेपरात जिंकल्यासारखा यायचा, आणि कमिटी तो पेपर दाखवून पुढच्या वर्षी तेच अकरा गडी उतरवायची.

हिलाल पेपर घडी करून तडक छापखान्यात गेला. संपादक दिलवरसिंग प्रुफं तपासत होते.

"साहेब, तुम्ही नवापूरले गया व्हतात का?"

"नाही. क्लबच्या मुनीमजींनी मजकूर पाठवला."

"त्यामा एक ओळ बी खरी नही."

दिलवरसिंगांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. "मिस्तरी, पहिल्या पानावर शेठजींची जाहिरात असते, ती पाहिलीत ना? उद्या ती गेली तर परवा पेपर नाही. तुम्हाला एवढं कळतं, तर तुम्हीच लिहा."

वैतागून बोललेलं वाक्य हिलालने शब्दशः घेतलं. जिनच्या भंगारातून त्याने पत्र्याचा एक तुकडा मिळवला, काजळी आणि जवसाचं तेल घोटून तो काळा केला आणि जिनच्या फाटकासमोरच्या कडुनिंबाला टांगला. रस्ता सरकारी, झाड सरकारी. दुसऱ्या दिवशी सकाळी खडूने लिहिलेला मजकूर तिथे होता. चारही गोल कसे झाले, कोण कुठे उभा होता, कोण पळाला, कोण पळाला नाही. एकही विशेषण नाही. तिसऱ्या गोलापुढे एवढंच होतं: "मदनलाल दोन पावले मागे सरकले." आणि शेवटी एक प्रश्न: "दिवाल्या संघात का नाही?"

दुपारपर्यंत फळ्यासमोर गर्दी झाली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याकडून दोन-दोनदा वाचून घेत होते. कोणीतरी दिवाल्यालाही बोलावून आणलं. आपलं नाव कुठलं ते त्याने बोटाने विचारलं आणि त्या तीन अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिला.

घरी धनुबाईने भाकरी थापता थापता नवऱ्याकडे न बघताच विचारलं, "त्यास्नाच जिनमा काम, आन त्यास्नाच भाचाले फळावर नावं ठेवनं! घरना इचार शे का तुम्हले?"

"मी नावं ठेवं नही. जे दखं ते लिखं."

"शेठ असं समजाव शेत का?"

 हिलालला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

फळ्याला शेण फासलं गेलं. त्याने धुऊन पुन्हा लिहिलं. डांबर ओतलं गेलं, तेव्हा नवा पत्रा आणला. असे तीन आठवडे गेले आणि एका सकाळी मदनलाल चार मित्रांना घेऊन आला. हिलाल फळ्यावर लिहीतच होता. मदनलालने त्याच्या हातातला खडू हिसकून रस्त्यावर फेकला.

"कोणाला विचारून लिहितोस?"

हिलाल जागचा हलला नाही. "खोटं काय शे त्यामा? बोट ठेई दखाड. मी लगेच पुशी टाकस."

मदनलालने फळ्याकडे पाहिलं. गर्दी वाढत होती. भटू पुढे येऊन हिलालच्या शेजारी उभा राहिला, त्याच्या मागे दिवाल्या. कोणीतरी दगड उचलला होता. मदनलालचा चेहरा लाल झाला. "लंगड्या, तुला काय कळतं मैदानातलं!" एवढं बोलून त्याने फळा खाली ओढला, पण तो पायाखाली तुडवायची हिंमत त्याला झाली नाही. तसाच टाकून तो निघून गेला.

तासाभरात पेढीवरून बोलावणं आलं. आता नोकरी गेली, असं धरूनच हिलाल गेला. इंदरचंद शेठ गादीवर बसले होते. बाजूला कमिटीची चार माणसं.

"हिलाल, तू माझ्या घराची इज्जत झाडाला टांगलीस," शेठ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. "नोकरीवरून काढलं तर लोक म्हणतील, शेठ खऱ्याला भ्याला. म्हणून काढत नाही. पुढच्या वर्षीचा संघ तू निवड. कमिटी मधे येणार नाही. ढाल आणलीस तर तुझा फळा राहील. नाही आणलीस तर मी स्वतः येऊन तो उतरवीन आणि पुन्हा लागू देणार नाही. कबूल?"

कमिटीवाले एकमेकांकडे बघायला लागले.  "कबूल," हिलाल म्हणाला.

पुढच्या जेठात त्याने गडी शोधायला सुरुवात केली. दिवाल्या तर होताच. दिवाल्याच्या ओळखीने तळोद्याकडचे आणखी दोघे आले. धानोऱ्याला जाऊन त्याने एका शेतकऱ्याच्या पोराला, भाईदासला खेळताना पाहिलं. विशीतला, उंच, बॅकच्या जागेवर भिंतीसारखा. आणि दुसरा बॅक म्हणून त्याने कोणालाही न विचारता भटूचं नाव लिहिलं.

भटू दहा वर्षं क्लबच्या मैदानावर सरावाला गडी कमी पडला की खेळायचा, पण संघात त्याला कोणी कधी घेतलं नव्हतं. नाव वाचून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आषाढात सराव करताना भटूचा उजवा गुडघा मुरगळला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा पळायला लागला. भाईदासच्या जोडीला बॅकसाठी धानोऱ्याचाच आणखी एक पोरगा तयार होता, चुलतभाऊ त्याचा, ताज्या दमाचा. एका संध्याकाळी दिवाल्या हिलालजवळ आला.

"भटूभाऊना पाय ठीक नही. वळताना धरस तो."

"माले माहीत शे," हिलाल म्हणाला. "भटू खेळी."

दिवाल्या मैदानाकडे परतला.

पहिले दोन सामने संघाने जिंकले. गाव वेडं झालं. अंतिम सामना पुन्हा नवापूरलाच. या वेळी तीनशे माणसं गेली आणि त्यांच्यात छत्री घेतलेले संपादक दिलवरसिंगही होते. जन्मात पहिल्यांदा ते सामना बघत होते. इंदरचंद शेठ खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते.

मध्यंतरापूर्वी समोरच्यांनी गोल केला. मध्यंतरानंतर दिवाल्याने तिघांना मागे टाकून बरोबरी साधली. मग अर्धा तास चेंडू इकडून तिकडे. हिलाल रेषेवर उभा होता आणि त्याची नजर चेंडूवर नव्हती, भटूच्या गुडघ्यावर होती. प्रत्येक वळणावर भटूचा चेहरा आवळला जात होता. बदली गडी घ्यायची सोय नव्हती. शेवटची चार-पाच मिनिटं उरली असताना समोरचा फॉरवर्ड एकदम आतल्या बाजूला वळला. भटू वळायला गेला आणि पाय मोडल्यासारखा जागेवरच खाली बसला. गोल झाला. दोन-एक.

परतीच्या गाडीत डबा गच्च भरला होता. "ऑफसाइड व्हता तो!" एकजण ओरडला. "रेफरी त्यास्नाच गावना व्हता. हिलालभाऊ, सकाळे लिख फळावर!" सगळे एका सुरात तेच म्हणायला लागले. भटू खिडकीशी गुडघा धरून बसला होता. हिलालला माहीत होतं की ऑफसाइड नव्हता. चेंडू पुढे गेल्यावरच फॉरवर्ड भटूच्या मागे गेला होता. दिलवरसिंग शेजारी येऊन हळूच म्हणाले, "मिस्तरी, मी काय लिहू?"

"जे दखं ते," हिलाल म्हणाला, आणि बोलताना त्याला स्वतःचीच धास्ती वाटली.

सकाळी फळ्यासमोर शे-सव्वाशे माणसं होती. काठी टेकत भटूही आला होता. हिलालने तिन्ही गोल नीट लिहिले. मग त्याचा हात थांबला. मागून कोणीतरी ओरडलं, "ऑफसाइड लिख!" त्याने लिहिलं: "ऑफसाइड नव्हता. भटूचा गुडघा आषाढात दुखावला होता. निवड करणाऱ्याला ते माहीत होते. धानोऱ्याचा चांगला गडी बाहेर बसवून त्याने आपला मित्र खेळवला. चूक भटूची नाही. निवड करणारा, हिलाल."

क्षणभर गर्दीला कळेना. मग एक ढेकूळ हिलालच्या खांद्यावर आदळलं, दुसरं फळ्यावर. "आपलाच माणूस आपला घात करस!" कोणी म्हणालं. हिलालने मागे वळून भटूकडे पाहिलं.

"माले पहिले सांगं असतं," भटू म्हणाला, "ते मी सोताच बाजूले बसतू. आते सारा गाव मन्हा गुडघा वाची ऱ्हायना." तो काठी टेकत निघून गेला.

थोड्या वेळाने इंदरचंद शेठ आले. त्यांनी फळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. मग दोन हमालांना खूण केली. हमालांनी तो उतरवला. शेठ जाता जाता हिलालसमोर थांबले. एकदा त्याच्याकडे पाहून ते पेढीकडे निघाले.

हिलालची नोकरी राहिली. पुढच्या वर्षी संघ पुन्हा कमिटीने निवडला. त्यात दिवाल्या होता, भाईदास होता, आणि गोलमध्ये मदनलाल नव्हता. ढाल त्या वर्षीही आली नाही. दिलवरसिंग मात्र छत्री घेऊन दर सामन्याला यायला लागले, आणि त्यांच्या पेपरात चार गोल झाले की चार गोल छापून यायला लागले. पहिल्या पानावरची जाहिरात काही महिने गायब होती, मग परत आली.

भटू अकरा महिने हिलालशी बोलला नाही. दोघं एकाच जिनमध्ये, एकाच इंजिनाजवळ काम करायचे. भटू तेल घालायचा, हिलाल पट्टे तपासायचा, आणि निरोप तिसऱ्याकडून जायचे. हिलालने दोनदा त्याच्या घरी जाऊन पाहिलं. भटूची बायको निर्मलाबाई दारातूनच म्हणायची, "घरमा नहीत."

एकोणचाळीसच्या श्रावणात मैदानावर सरावाचा सामना होता. हिलाल नेहमीच्या जागी, दक्षिणेकडच्या गोलजवळ उभा होता. भटू येऊन त्याच्यापासून दोन हातांवर उभा राहिला. दोघं समोर मैदानाकडे बघत होते. कमिटीने डाव्या हाफच्या जागी एका नव्या पोराला उतरवलं होतं. त्याच्या पायातून चेंडू तिसऱ्यांदा सुटला.

"हाऊ कोनी निवडा?" भटू समोरच बघत म्हणाला.

"कमिटीनी."

"डोळा शेत का त्यास्ले?"

"पोऱ्या वाईट नही," हिलाल म्हणाला. "जागा चुकाडी त्यास्नी. त्याले उजवीकडे खेळाडाले पाहिजे."

"उजवीकडे? तुले काही समजस का? त्याना डावा पाय दख!"

हिलालने त्या पोराचा डावा पाय पाहिला. मग भटूकडे सरकून तो वाद घालायला लागला, आणि सामना संपला तरी ते दोघं तिथेच उभे होते.