कण्यांचा डबा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो त्या आठवड्यात घरातच होता. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून धीर होतोय.

नारायण पेठेतल्या आमच्या घरातली एक खोली आम्ही पाहुण्यांना देतो. आठ वर्षांपूर्वी बेल्जियमचं एक जोडपं आलं, इथल्या संस्थेतून तीन वर्षांची मुलगी दत्तक घ्यायला. कागदपत्रं पुरी होईपर्यंत आठवडाभर तिघंही आमच्याकडेच. मुलीसाठी म्हणून त्यांना इथलं जेवण, इथल्या रीती, सगळं शिकायचं होतं. मी हुरळूनच गेले. केळीचं पान, अळूची भाजी, पुरणपोळी — मीठ कुठे, चटणी कुठे, ती बाई वहीत लिहून घ्यायची. आणि मी मास्तरीणबाई!

पहिल्याच दिवशी संस्थेतल्या मावशी दारात आल्या. मूळच्या वऱ्हाडातल्या, राहायला बिबवेवाडीत. मुलीला त्यांनीच वाढवलेलं. आपल्याला पाहून ती रडेल म्हणून आत आल्या नाहीत. स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. आत ज्वारीच्या कण्या, मऊ शिजवून ताक घातलेल्या.

"तिले हेच लागते जी, ताई. मांडीवर घेऊन भरवलं का खाते. त्याहीले शिकवून द्या."

मी डबा फडताळात ठेवला. का? — लाज वाटली. पुरणपोळीच्या शेजारी ही पेज वाढायची? परदेशी माणसं काय म्हणतील?

मुलगी जेवेना. तोंड गच्च मिटून बसायची. दोन दिवस नुसतं घोट घोट दूध. ती बाई रडकुंडीला आली. मला विचारायची, मी हिला आवडत नाही का? आणि मी — डबा माझ्या पाठीमागे चार हातांवर — म्हणायचे, मुलं नव्या जागी असंच करतात हो.

तिसऱ्या दिवशी वाटलं, सांगावं. पण इतके दिवस का नाही सांगितलं, असं विचारलं असतं तर? कण्या आंबल्या होत्या. त्या मोरीत ओतल्या, डबा घासून ठेवला. ताज्या शिजवायला कितीसा वेळ लागतो? अर्धा तास. मी तोही दिला नाही.

निघताना पोर बापाच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. रडायचंही त्राण नव्हतं तिच्यात. मी औक्षण केलं, फोटो काढले.

नंतर मावशी डबा न्यायला आल्या. "खाल्लं का जी पोरीनं?"

"हो, सगळं."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला, हसल्या. डबा रिकामा परत देऊ नये, म्हणून मी त्यात दोन पुरणपोळ्या घातल्या.

गेल्या महिन्यात मुलीचं पत्र आलं. अकरा वर्षांची झाली आता. विचारते — लहानपणी मी तिथे काय खायचे? मला कोण भरवायचं?

मावशी अजून बिबवेवाडीतच राहतात. घर मला माहीत आहे.

मी पुरणपोळीची कृती लिहून पाठवली. आणि कोण भरवायचं, याच्यापुढे माझं नाव लिहिलं.