गिअरवाल्या काकू आणि उतारावरची व्हॅन

गिअरवाल्या काकूंच्या गॅरेजला पाटी नाही. पत्ता विचारला तर कोणीही सांगतो, "बाई गाडीखाली आणि नवरा शिलाई मशीनवर दिसला, की थांबा." एकाच पत्र्याच्या शेडमध्ये दोघांचे धंदे. मधोमध जमिनीवर पांढरा पट्टा रंगवलेला. पट्ट्याच्या अलीकडे ऑइल, जॅक, उघडलेले गिअरबॉक्स. पलीकडे लोकांची नवी कापडे. जेवणाची वेळ सोडली, तर काकू तो पट्टा ओलांडत नाहीत. नवराच डबा उघडून हाक मारतो, "चला मॅडम, हात धुवा, कोपरापर्यंत."

काकूंचे वडीलही याच शेडमध्ये गाड्या दुरुस्त करायचे. काकूंनी त्यातला फक्त गिअरबॉक्स उचलला, कारण त्यांच्या मते बाकीचे काम कोणीही करू शकते. डाव्या हाताच्या करंगळीचे एक पेर नाही. कुठे गेले असे विचारले, तर म्हणतात, "एका ट्रकमध्ये राहिलं. फिरतंय अजून." विनय त्यांच्या स्वभावात नाही. स्वतःची तारीफ त्या हवामान सांगावे तशी सांगतात, आणि ती ऐकायची मला सवय होती. त्या दिवशी मात्र ती खरी असावी, असे मनापासून वाटत होते. कारण माझ्याबरोबर माझा साडू होता.

साडूची स्वतःची व्हॅन आहे. टेकडीवरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना तो खाली दवाखान्यात नेतो-आणतो. काही आठवड्यांपूर्वी भरलेली गाडी घेऊन उतरताना तिसरा गिअर सटकला आणि गाडी मोकळी सुटली. ब्रेकवर त्याने ती सांभाळली. मागच्यांना कळलेसुद्धा नाही. पुढे तसे पुन्हा झाले. दोन गॅरेजवाल्यांनी गाडी फिरवून पाहिली. गिअर काही सटकेना. दुसरा जाताजाता म्हणाला, "काका, हात कापतो का हो तुमचा? नीट पडत नसेल गिअर."

ते वाक्य साडूच्या डोक्यात घर करून बसले. तो चहा घेताना स्वतःच्या हाताकडे पाहू लागला. व्हॅन विकायचे त्याने ठरवले. सोमवारी गिऱ्हाईक येणार होते. "गाडीत दोष नाही म्हणतात," तो मला म्हणाला, "म्हणजे माझ्यात आहे. माणसं बसवायची कशी मी?" गाडी चालवण्यापलीकडे या माणसाला आपले असे काही नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. शेवटचा उपाय म्हणून मी त्याला काकूंकडे ओढत आणले होते.

काकूंनी बॉनेटला हातही लावला नाही. विचारले, "सटकला तेव्हा गाडीत किती जण होते?"

"सगळ्या सीट भरलेल्या."

"आणि त्या दोघांनी पाहिली तेव्हा?"

"रिकामी. इथल्याच रस्त्यावर."

"मग रिकामी गाडी काय बोलणार? माणसं आणा."

माणसे म्हणजे आमचे घर. मी फोन केला. माझी बायको, मेव्हणी, मेव्हणीच्या दोन जाडजूड शेजारणी आणि सासूबाई आल्या. सासूबाई चढतानाच म्हणाल्या, "माझा गुडघा डॉक्टरला दाखवायला कोणाला सवड नाही. गाडीला मात्र सगळं खानदान!" काकूंनी पट्ट्यापलीकडे हाक मारली, "अहो, या. वजनाला बसा."

"बघा," शिंपीकाका मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून मागे चढले, "इतक्या वर्षांनी आमचा उपयोग निघाला."

काकू साडूच्या शेजारी बसल्या. चपला काढून दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले. "आता कोणी बोलायचं नाही," म्हणाल्या. आणि आश्चर्य म्हणजे सासूबाईही गप्प बसल्या.

टेकडीचा उतार सुरू झाला. साडूने तिसरा टाकला आणि दांडीवर हात दाबून धरला. बोटे पांढरी पडली होती.

"हात काढ."

"काकू, सटकेल."

"सटकायलाच आलोय. हात स्टेअरिंगवर. ब्रेकवर पाय तयार ठेव. आता थोडं ॲक्सिलेटर दे... आणि सोड."

मी मागून पुढे वाकलो होतो. दांडीला कोणाचाही हात नव्हता. साडूने पाय दाबला, तशी ती कडेला टेकून ताठरली. पाय सोडला, खालून धप्प असा बारीक धक्का आला, आणि दांडी आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शांतपणे मागे येऊन न्यूट्रलमध्ये उभी राहिली. झोपेत कूस बदलावी तशी. साडूने ब्रेकने गाडी कडेला घेतली.

"पाहिलंस?" काकू म्हणाल्या. "हात कुठे होता तुझा?"

साडूने स्टेअरिंगवरच्या आपल्या हातांकडे पाहिले.

काकूंनी दांडीभोवतीचे रबरी आवरण उचलले. खालच्या पत्र्यातल्या भोकाची एक कड घासून आरशासारखी चकाकत होती. त्यांनी माझे बोट धरून तिथे फिरवले. "गिअरबॉक्स रबरावर बसवलेला असतो. ते रबर फाटलंय. भरल्या गाडीत पाय दाबला की अख्खा बॉक्स उचलतो, सोडला की आदळतो. बॉक्स हलतो, पण दांडी या कडेला अडते. मग गिअर बाहेर येणार नाही तर काय? आतले दात झिजले असते तर झटक्यात उडाला असता. हा सरकत आला. आधी धप्प, मग गिअर. तळव्याला कळतं."

आम्ही शेडमध्ये परतलो. गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. त्यांनी पहारीने गिअरबॉक्स किंचित उचलला आणि त्याखालचे रबर ओठ उघडावेत तसे दुभंगले. वीतभरही नसेल ते. एवढ्याशा चिंधीने एका माणसाला स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडायला लावला होता. आणि पत्र्याखाली झाकलेली ही फट या बाईंनी अनवाणी पायांनी पाहिली होती. मी त्या तळव्यांकडे बघत राहिलो. भेगा पडलेले, काळे, साधे तळवे.

"अशी गिअरबॉक्सची जाण आहे का कोणाला?" काकूंनी विचारले.

"नाही," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

नवे रबर बसले. काकूंनी तीच माणसे पुन्हा तशीच भरली. उतारावर साडूने तिसरा टाकला. हात सवयीने दांडीवरच राहिला. काकूंनी या वेळी तो काढायला सांगितले नाही. बऱ्याच वेळाने त्याने एकेक बोट उचलत हात काढला. पाय दाबला, सोडला. पुन्हा दाबला, सोडला. दांडी जागची हलली नाही.

उताराच्या पायथ्याशी वळून परत यायचे ठरले होते. साडू वळला नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून तो सरळ निघाला.

"अरे, कुठे चाललास?" मेव्हणीने विचारले.

"दवाखान्यात," तो म्हणाला. "आईंचा गुडघा दाखवून येऊ."