लोकांना बसायला सांगा

भिंतीवर माझा प्रश्न होता आणि अख्खी खोली त्याला हसत होती.

शिरूर तालुक्यातल्या एमआयडीसीत आमची कंपनी. तिथं मी डेटाबेस सांभाळतो. कंपनीची सगळी माहिती ज्या कोठारात असते, त्याची राखण करायची, एवढं समजा. आमच्या टीमचे प्रमुख म्हणजे सर. पुण्याचे. हुशार माणूस, खोटं कशाला बोलू. मला कामाला लावलं त्यांनी, शिकवलंही त्यांनीच. दर शुक्रवारी जेवण झालं की ते नव्या पोरापोरींचा तास घेतात. त्या शुक्रवारी विषय होता, मदत कशी मागू नये. ऑनलाइन फोरमवर लोक काय काय अडाण्यासारखं विचारतात, त्याचे स्क्रीनशॉट सरांनी वर्षानुवर्षं जमवलेत. विचारणाऱ्याच्या नावावर काळा पट्टा मारलेला. सर एकेक दाखवायचे, पोरं खिदळायची. मीही.

सहावा माझा निघाला.

इंग्रजी मोडकं होतं. मराठीत सांगायचं तर एवढंच: "सर, डेटाबेस चालत नाही. लोक थांबलेत. काहीतरी करा."

खाली पहिलं उत्तर: "लोकांना बसायला सांगा."

खोली फुटली. एक पोरगी तर डोळे पुसायला लागली. सर छातीवर बोट ठेवून म्हणाले, "हे उत्तर माझं बरं का! लोक अजून फॉरवर्ड करतात."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. तू जुना माणूस, तुला तर जास्त कळेल, अशा नजरेनं. आणि मी हसलो. दात काढून, मोठ्यानं, सगळ्यांच्या बरोबरीनं. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

आठ वर्षांपूर्वी मी शिरूरमधल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होतो. दाखले, गुणपत्रकं, सगळं एकाच कम्प्युटरवर. सॉफ्टवेअर बसवणारा माणूस अर्ध्या तासात शिकवून गेला होता. रोज संध्याकाळी हे बटण दाबायचं, बॅकअप होतो. म्हणजे सगळ्याची एक जादा नक्कल. मी रोज दाबलं. एक दिवस चुकवला नाही. आणि आपल्या हातून काही हरवायला नको म्हणून एकही जुनी नक्कल उडवली नाही. मला त्याचा अभिमान होता.

प्रवेशाच्या दिवसांत एका सकाळी ते बंद पडलं. प्रोग्रॅम उघडला की लाल चौकट यायची, इंग्रजीत चार ओळी, आणि सगळं गायब. खिडकीबाहेर रांग. सगळ्यात पुढं केंदूरची एक मुलगी. कोमल म्हणू तिला. खरं नाव तिला न विचारता लिहिणार नाही. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. पाच वाजायच्या आत कॉलेजचा दाखला वेबसाइटवर चढवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. हातानं लिहिलेला दाखला चालत नव्हता, त्याच्यावरचा नंबर कम्प्युटरमधूनच यायचा. तिचा मामा गेटवर मोटरसायकलवर बसून होता.

"मामा म्हणलाय, ह्या वर्षी जमलं तर जमलं. न्हाईतर घरी बस."

एवढं तिनं सांगितलं. मग दर थोड्या वेळानं फक्त एकच.

"दादा, व्हतंय का?"

"होईल. थांब जरा."

सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नव्हता. ऑफिसचे साहेब रजेवर. मोबाइलवर शोधता शोधता तो फोरम सापडला. सगळे डेटाबेसवाले, जाणती माणसं. मी लिहिलं. पाच मिनिटांत मोबाइल वाजला आणि माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आलं कोणीतरी धावून.

लोकांना बसायला सांगा.

मग उत्तरांची रांगच लागली. "माझी गाडी पण चालत नाही, काहीतरी करा." "पोपटवाल्या ज्योतिषाला विचारा." "व्हर्जन सांगत नाही, एरर काय आली सांगत नाही, नुसता नवस." एवढी शिकलेली माणसं तिथं जमली होती. एकानंही विचारलं नाही की बाबा, तुझ्या समोर काय लिहून येतंय ते तरी सांग.

आणि खिडकीबाहेर बाक नव्हता. मी मान वर करून बघितलं होतं. बसायला सांगायचं तर कुठं? कोमल सकाळी दहापासून उभी होती. एक पाय मोकळा करायची, मग दुसरा.

चार वाजता मी माझा प्रश्न पुसून टाकला. तोवर कोणीतरी फोटो काढून ठेवला होता, ते मला आता कळलं.

पाच वाजले. ती रडली नाही, ओरडली नाही. खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "जाऊ द्या दादा. तुमी तरी काय करणार." आणि गेटकडं चालायला लागली. मामानं गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी तो सॉफ्टवेअरवाला उगवला. खुर्चीत बसला, दहा मिनिटांत उठला. "अरे, डिस्क भरलीय. बॅकअप सगळे त्याच डिस्कवर साठवलेस. जुने उडवले, झालं." लाल चौकटीतल्या चार ओळींतली पहिली ओळ तेच सांगत होती. जागा शिल्लक नाही. ती एक ओळ मी फोरमवर उतरवली असती तर कदाचित कोणी सांगितलं असतं. कदाचित.

मी आधी कोमलचा दाखला छापला. सही घेतली, शिक्का मारला, फाइलला लावला. तो न्यायला कोणी आलं नाही. दिवाळीनंतर केंदूरच्या एका पोराला विचारलं, तर म्हणाला, "ती व्हय? तिचं लगीन झालं की. वरवंडला दिली." मी ती नोकरी सोडली तेव्हाही दाखला तिथंच होता.

सर म्हणतील, मग ती ओळ का नाही लिहिलीस? बरोबर आहे. मीही स्वतःला हे आठ वर्षं विचारतोय.

इनामगावच्या पुढं, घोडनदीच्या कडेला आमची वस्ती. गावापासून जरा लांब. लांब का, ते महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आप्पांच्या रानात मोटर चालू-बंद करायचे. आप्पा म्हणजे पाण्यापासून सोसायटीपर्यंत सगळं ज्यांच्या शब्दावर, ते. काही अडलं की आबा त्यांच्या ओट्याखाली जाऊन उभे राहायचे. चपला लांब काढून, हात बांधून. एवढंच म्हणायचे, "आप्पा, कायतरी करा." कशाचं काय, ते आप्पांनी ओळखायचं. त्यांची मर्जी असेल तर.

पाचवीत असताना एकदा मीही सोबत गेलो. वस्तीच्या नळाला पाणी नव्हतं. आबांचं सुरू झालं, कायतरी करा. मला राहवलं नाही. मी नीट, पूर्ण विचारलं. "आप्पा, आमच्या नळाला पाणी कोणत्या वारी सोडणार? आन् वरच्या आळीला रोज येतं, आमाला का न्हाई?"

आप्पा ओट्यावरच्या लोकांकडं बघून हसले. "पोरगं लई शिकलंय रं तुजं. जाब इचारतंय."

आबांनी तिथंच माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. परत येताना नदीपाशी त्यांनी माझं तोंड धुतलं आणि म्हणाले, "असं इचारत नसतात, बाळा."

ते मी शिकलो. पूर्ण प्रश्न विचारला की तो जाब होतो. आपण फक्त काहीतरी करा म्हणायचं आणि उभं राहायचं. कॉलेज झालं, कारकून झालो, हातात मोबाइल आला, तरी गरज पडली तेव्हा माझ्या बोटांनी आबांचंच वाक्य लिहिलं. आणि ओट्यावरचे लोक हसले. ओटा तेवढा बदलला होता.

त्या शुक्रवारी तास संपल्यावर सर म्हणाले, "पुढच्या वेळी सेशन तू घे. तू गावाकडचा, असले नमुने तुझ्याकडं भरपूर असतील."

"हो सर," मी म्हणालो. सवय.

तो आठवडा मला घास गोड लागला नाही. बँकेच्या खिडकीपाशी, दौंडला तिकिटाच्या रांगेत, कुठंही कोणी बाई एक पाय मोकळा करून उभी दिसली की कानात तेच यायचं. दादा, व्हतंय का? कोमलला मी फसवलं होतं आणि वर तिच्या उभं राहण्याला हसलो होतो. अशा माणसाला काय म्हणायचं?

शुक्रवार आला. मी पहिलीच ती स्लाइड लावली. पोरं ओळखीचं हसली.

"हा प्रश्न माझा आहे," मी म्हणालो.

अजून हसली. त्यांना गंमत वाटली. मग मी सांगितलं. चार ओळी, पाच वाजलेले, नसलेला बाक, फाइलमधला दाखला. माझी चूकही सांगितली. त्या दिवशी डोळे पुसणारी पोरगी खाली बघत होती.

सर मागं भिंतीला टेकून उभे होते. "अरे, पर्सनली घेऊ नकोस. तू होतास हे आम्हाला काय माहीत? थांब, ती स्लाइड काढूनच टाकू."

"काढू नका, सर. काळा पट्टा काढा. तिथं माझं नाव घाला."

"कशाला उगाच..."

"आणि उत्तरापुढं तुमचं घाला."

आयुष्यात दुसऱ्यांदा मी पूर्ण बोललो होतो. या वेळी थोबाडीत मारायला आबा नव्हते. सर लॅपटॉप उचलून निघून गेले. तेव्हापासून कामापुरतं बोलतात. वर्षाचा शेरा त्यांच्याच हातात आहे, मला माहीत आहे. लिहू देत काय लिहायचं ते.

नावं मीच घातली. टीमच्या फोल्डरमध्ये ती स्लाइड आहे. प्रश्नापुढं माझं नाव, उत्तरापुढं सरांचं. खाली एक ओळ वाढवली: खिडकीबाहेर एक मुलगी, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, उभी.

ती ओळ दोनदा कोणीतरी पुसली. दोन्ही वेळा मी परत लिहिली. तिसऱ्यांदा पुसली तर तिसऱ्यांदा लिहीन.